अंगठ्याचं औषध

रेशनच्या मशीनने मंगलचा अंगठा तिसऱ्यांदा नाकारला, तेव्हा रांगेतल्या प्रत्येक बाईकडे एकेक उपाय तयार होता. कुणी म्हणालं केसांत घास, कुणी म्हणालं पदराला पूस, कुणी म्हणालं मशीनवर हळूच फुंकर मार, गार झालं की ऐकतंय ते. मंगलने सगळं करून पाहिलं. मशीन तांबडा दिवा लावून बसलं ते बसलंच.

"तुमच्या बोटावर रेघाच न्हाईत," दुकानदार भगवानराव म्हणाले.

"वीस वर्सं कोयता धरलाय. रेघा उसात ऱ्हायल्या आसतील."

"शनिवारपस्तोर केवायसी झाली न्हाई, तर कार्डावरून नाव कमी होतंय बाई. माझ्या हातात काय न्हाई."

"तुमच्या हातात रेघा तरी हायत," मंगल म्हणाली आणि पिशवी उचलून बाजूला झाली.

रविवारी ऊसतोडीची टोळी ट्रकने कारखान्यावर निघणार होती. मग थेट उन्हाळ्यातच परत. म्हणजे हातात होते पाच दिवस. घरी आल्यावर मंगल चुलीपाशी बसून एवढंच म्हणाली, "मेलेल्या मानसाचं नाव काढतेत कार्डावरून. माझं जित्तेपनी चाललंय."

हे वाक्य करिष्माच्या काळजात घुसलं. मंगलची ही एकुलती एक लेक दहावीत होती आणि गेल्याच महिन्यात 'वनस्पतिजन्य संयुगे आणि त्वचेचे आरोग्य' या तक्त्याने तिला तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात दुसरा नंबर मिळवून दिला होता. तेव्हापासून तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. शिरूरच्या बाजारात दिसणारा प्रत्येक वांग आणि प्रत्येक पुटकुळी तिला आपलीच जबाबदारी वाटू लागली होती. तेव्हा ती म्हणाली, "माय, तुजा अंगठा मी चालू करते." त्या क्षणी कुणीतरी आपलं तोंड दाबून धरायला पाहिजे होतं, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

"कशानं चालू करती?" आजीने विचारलं. आजी म्हणजे छबुबाई, करिष्माच्या बापाची, अजिनाथची आई. टोळी गेली की घरात ही आणि करिष्मा, दोघीच उरायच्या.

"पपईच्या चिकात पपेन नावाचं संयुग आसतं. ते मेलेली कातडी खातं. खालून नव्या रेघा वर येत्यात. संगं कोरफडीचा गर, म्हंजी आग व्हत न्हाई. आन हळद."

"पपईच्या चिकानं हात सोलतेत बाई."

"सोलायलाच पायजेत की आजी."

कच्च्या पपईला चाकूने चरे पाडून तिने चीक स्टीलच्या डब्यात धरला, त्यात गर आणि हळद घोटली आणि मायच्या दोन्ही हातांना मनगटापर्यंत लेप चढवला. खरं तर गरज एका अंगठ्याची होती. पण शास्त्रीय काम अर्धवट करणं तिच्या तत्त्वात बसेना. तिने बापाचाही हात ओढला. अजिनाथचा अंगठा सोमवारीच कसाबसा लागून गेला होता. "मला काय नवरी व्हायचंय का," म्हणून तो उठून गेला.

दुसऱ्या दिवशी लेप धुतल्यावर पांढरे पापुद्रे निघाले. तिसऱ्या दिवशी मंगलच्या अंगठ्यावर, नीट उजेडात धरला तर, चार रेघा दिसल्या. मंगल त्या शेजारणीला दाखवायला गेली. शेजारीण म्हणजे साखराबाई. तिचं नाव तर अंगठा न लागल्यामुळे मागच्याच महिन्यात लटकलं होतं. आणि साखराबाईला एखादी गोष्ट कळली, की ती वस्तीला वेगळी सांगावी लागत नसे.

संध्याकाळी अंगणात टोळीतल्या सहा बाया हात पुढे करून बसल्या.

"करिष्मे, माज्या जरा जाड लाव गं. माजं कातडं म्हशीचं हाय."

"मावशी, आधी कोमट पान्यात हात बुडवा. असं थेट लावत न्हाईत."

"हाय का आता. डाक्टरीन झाली बगा मंगलची."

करिष्मा हे ऐकून फुलली. मायला धरून सात बाया झाल्या. गावातल्या पपया संपल्या, तेव्हा साखराबाईने शेजारच्या वस्तीवरून चार आणल्या. दोन दिवसांत एवढा गुण आला तर पाच दिवसांत किती येईल, असा हिशेब मांडून करिष्माने सकाळचाही एक लेप वाढवला.

शनिवारी मंगलने अंगठा ठेवला आणि मशीन हिरवं झालं. मागून साखराबाई, हिरवं. साती बाया लागोपाठ हिरव्या. भगवानरावांनी मशीन उलटं करून पाहिलं. "काय केलं काय तुमी?"

"पपेन," मंगल म्हणाली. असा शब्द ती जन्मात पहिल्यांदा बोलली होती आणि बोलताना तिने लेकीकडे असं काही पाहिलं, की करिष्माला तालुक्याचा दुसरा नंबर एकदम किरकोळ वाटला.

रविवारी सकाळी ट्रक लागला. भांडीकुंडी चढली, शेळी चढली. दोर आवळायला साखराबाईने हात घातला आणि तो चटका बसल्यासारखा सोडून दिला. मग मंगलने ओढला, तिनेही सोडला. त्रिंबक मुकादम खाली उतरला. "आत्ताच दमल्या व्हय? दावा बरं हात."

साती जणींनी कौतुकाने तळवे पुढे केले. गुलाबी, मऊ, बाळंतिणीच्या लेकरासारखे.

"कुनी केलं हे?"

"आमच्या करिष्मानं," साखराबाई तोऱ्यात म्हणाली. "काय मऊ झालेत बगा."

मुकादम म्हणाला, "उद्या कोयत्याची मूठ या हातांना वळखनार न्हाई."

बाया हसायच्या थांबल्या. आजी काठी टेकत पुढे आली, सुनेचा तळवा आपल्या तळव्यावर घेऊन चाचपला आणि नातीकडे वळली. आवाज चढला नाही तिचा. "मळ नव्हता पोरी तो. घट्टे व्हते."

करिष्माचं तोंड उतरलं. त्वचा मऊ करणारी सतरा झाडं तिला तोंडपाठ होती. कडक करणारं एक तरी? ट्रकवर उरलेलं सामान चढत होतं तेव्हा तिला बाभूळ आठवली. बाभळीच्या सालीने कातडं कमावतात. मग माणसाचं का नाही कमावणार? साल घरात दंतमंजनासाठी होतीच. ती उकळून, बाटलीत भरून, ती ट्रकमागे पळाली आणि वेशीपाशी बाटली मायच्या हातात दिली. "रोज लाव. सगळ्याजनी लावा."

सगळ्याजणींनी लावलं. चौथ्या दिवशी बापाचा फोन आला. हात कडक झाले नव्हते, काळे झाले होते. साती बायांचे, मनगटापर्यंत. ऊसवाल्याने ते पाहिले, साथ आहे असं ठरवलं आणि त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, विहिरीपासून लांब, बांधापलीकडे हलवल्या. आता पाणी लांबून आणावं लागत होतं, तेही फोड आलेल्या हातांनी.

"आन माय?"

"मोळ्या बांधती. कोयता धरवत न्हाई. तिची तोड बी मीच करतो." मग अजिनाथ म्हणाला, "तू आब्यास कर."

रागावला असता तर बरं झालं असतं. करिष्माने तक्ता भिंतीवरून काढला आणि गुंडाळून माळ्यावर टाकला.

पुढच्या मंगळवारी ती धान्य आणायला गेली. भगवानराव नवीन डबी पुसत होते. "बघ करिष्मा, तालुक्यावरून डोळ्याचं मशीन आलं. अंगठ्याची कटकटच मिटली. तारीख बी वाढली म्हने दोन महिने. तुजी माय कावून एवढा जीव काढत व्हती कुनास ठाऊक."

करिष्माने गहू घेतले आणि घरी आली. आजीलाही सांगितलं नाही. असली गोष्ट सांगायची तरी कशी? मायच्या हाताचं कातडं गेलं ते कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर आता कुठल्याच तक्त्यात नव्हतं. रोज दुपारच्या सुट्टीत मायचा फोन येई, आणि माय रोज म्हणे, "बरं हाय." त्या दोन शब्दांत बरं काहीच नसायचं.

एकविसाव्या दिवशी मात्र मायचा फोन दुपारऐवजी संध्याकाळी आला. आवाज मोकळा होता.

"दिवसभर फोन बंदच पडल्यावानी झालता गं. हात मऊ व्हते तवा तुज्या बापानं त्याला माज्या अंगठ्याचं कुलूप घालून ठिवलंय, आन आज अंगठा घेईनाच त्यो. साखरीचा फोन बी तिचा अंगठा घेत न्हाई. मग तुज्या बापानं ते आकडे टाकून उघडला."

करिष्मा उठून उभी राहिली. "अंगठा घेत न्हाई?"

"न्हाई बाई. सकाळपसून तोडलाय आज, एक फोड न्हाई. हात कसा दगड झालाय. तुजं आवशद पार उतरलं बग."

"बरं झालं माय," करिष्मा म्हणाली आणि रडायला लागली. "लई बरं झालं."

"आता रडती कावून?" माय म्हणाली. "उतरलं तर उतरलं, पुन्यांदा करशील की."

"न्हाई करनार," करिष्मा म्हणाली.