डबा कुठाय?

दळवीकाकांची चटणी फुकट असते, पण त्यांचा डबा फार महाग पडतो.

आमच्या दापोड्याच्या गोडाऊनमध्ये नवीन माणूस आला की तिसऱ्या दिवशी काका त्याला स्टीलच्या छोट्या डब्यातून शेंगदाण्याची चटणी देतात. माणूस खूश होतो. दुसऱ्या दिवसापासून तो काकांना चुकवायला लागतो. कारण चहाच्या टपरीवर, जेवणाच्या सुट्टीत, ट्रकच्या आडोशाला, कुठेही गाठून काका एकच विचारतात, "डबा कुठाय?" लोडिंगवाल्यांना हिंदीतून, "भैया, डब्बा किधर है?" एकदा आमच्या साहेबांची मोठी मीटिंग चालू होती. काकांनी दारातून डोकं आत घातलं. "साहेब, डबा?" साहेबांनी मुकाट्याने बॅगेतून काढून दिला. काकांनी तिथेच झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, "रिकामा?"

रिकामा डबा काका घेतच नाहीत. निदान दोन बिस्किटं तरी लागतात. चमचाभर चटणी घालायची आणि डबाभर वसूल करायचं, असं त्यांच्या पाठीमागे सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. "चिकट म्हातारा" हा शब्द तर माझाच.

काकांचं टेबल रिटर्नचं. लोकांनी ऑनलाइन मागवलेलं आणि नको म्हणून माघारी पाठवलेलं सगळं तिथे येतं. काका किल्लीने टेप फाडतात आणि सोबतच्या चिठ्ठीवरचं कारण बातम्या वाचाव्यात तसं वाचतात. "रंग फोटोत वेगळा होता!" "नवऱ्याला आवडलं नाही!" मग चूक नवऱ्याची की बायकोची, याचा निकालही देतात. तो सहसा नवऱ्याच्या विरुद्ध जातो.

माझ्यावर भेटवस्तू निवडायची वेळ आली तेव्हा मी या जाणकाराकडेच गेले. मी मूळची परभणीची, इथे नोकरीपुरती आलेली. ज्याच्याशी लग्न करायचं होतं त्या निलेशचं घर जवळच्याच कोन गावात, चुलत-मावस धरून निम्मं गाव त्यांचंच. त्याच्या आईचा माझ्यावर राग नव्हता, भरवसा नव्हता. "गोडाऊनच्या पोरी आज हायेत, उद्या न्हाय," असं त्या त्याला म्हणाल्या होत्या. तरी रविवारी संध्याकाळी जेवायला बोलावलं होतं. त्या जेवणावर माझं लग्न टांगलेलं होतं, आणि न्यायचं काय ते सुचत नव्हतं.

"भिंतीवरचं घड्याळ?" मी विचारलं.

"आठवड्याला पाच परत येतात."

"अत्तर?"

"वास आवडला नाही!"

"शोपीस?"

"त्याचं तर लोक कारणसुद्धा लिहीत नाहीत, वैशाली."

शनिवारी काकांनी माझ्या हातात चटणीचा डबा ठेवला. "हे ने. आणि डबा सोमवारी आण." मी कपाळाला हात लावला. तीन मजली बंगला, संगमरवरी जिना, आणि तिथे मी शेंगदाण्याची चटणी नेऊ? तीही डबा परत मागायच्या बोलीवर? मी सुक्या मेव्याचा मोठा खोका घेतला. डबा पर्सच्या तळाशी ढकलला.

निलेशच्या आईने खोका घेतला, "कशाला गो?" म्हणाल्या आणि कपाटावर ठेवला. तिथे असेच चार खोके आधीच होते, रिबिनीसकट. जेवायला बसलो. निंबारीचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण सुरेख झालं होतं, पण बोलणं "आणखी घे"च्या पुढे सरकेना. तेवढ्यात काकांचा फोन आला. माझ्या फोनचा आवाज मला कमी आणि शेजाऱ्यांना जास्त ऐकू येतो.

"पोचलीस का? डबा दिलास का?"

"कसला डबा गो?" निलेशच्या आईने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी डबा काढून दिला. त्यांनी बोटाने चटणी चाखली. "लसून जास्ती झाली," म्हणाल्या आणि आणखी एक चिमूट घेतली. मग डबा वर धरून तळ वाचला. तिथे नाव घातलेलं होतं, सौ. सुमन दळवी.

"ही सुमन कोन?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं चटणी खाऊन मी डबा कधी उलटा करून पाहिला नव्हता.

निघताना मी भीतभीत डबा मागितला. "रिकामा कसा देऊ?" त्या म्हणाल्या. "बाईमानसाचा डबा हाय. बुधवारी ये, वडे घालून देते." जिन्यात निलेशने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

सोमवारी काका दारातच उभे. "डबा कुठाय?"

"त्यांनी ठेवून घेतला. बुधवारी वडे घालून देणार आहेत." मी दोन पावलं मागे सरकले.

काका चिडले नाहीत. "तळचं नाव वाचलं त्यांनी?"

"हो. सुमन कोण, विचारत होत्या. मला सांगता आलं नाही."

काकांनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. "आमची मंडळी. चार वर्षं झाली जाऊन. तिला माणसांत जायचा भारी सोस. हळदीकुंकू, बारसं, कुणाकडे नुसतं बसायलासुद्धा. मी घरकोंबडा, कधी सोबत गेलो नाही. 'येते मीच जाऊन,' म्हणायची. आता तिच्या नावाचे बारा डबे मांडणीवर नुसते बसून असतात. म्हटलं, तिला जरा फिरवून आणावं." त्यांनी किल्ली पुन्हा उचलली. "आणि लोकांच्या घरून तिला रिकाम्या हाताने कशी आणू?"

मला फार लाज वाटली. "चिकट" हा शब्द मी पुन्हा उच्चारला नाही.

लग्नाला दीड वर्ष झालं. काका मांडवाच्या दारातूनच अक्षता टाकून पळाले. आमच्या घरी अजून एकदाही आलेले नाहीत. पण मी या घरात आहे ती त्यांच्यामुळे, हे मी आणि सासूबाई दोघीही जाणून आहोत. डब्याची ये-जा चालू आहे. सासूबाई तो शिगोशीग भरतात, झाकण बसेना झालं तरी.

मध्ये उशीर झाला की काका मला गाठतातच. "डबा कुठाय?"

"काकू कोनलाच आहेत," मी सांगते. "सासूबाई सोडत नाहीत."

"बरं, राहू दे दोन दिवस," काका म्हणतात आणि पुढचं पार्सल फोडायला घेतात.