क्लावदियाच्या बरण्या

तुर्सुनोयने कांदा हातात घेतला, त्याच्याकडे रागाने पाहिलं आणि म्हणाली, "लूक."

"बरोबर," मुकद्दस म्हणाली. "आता दुकानात गेल्यावर त्याच्यापुढे 'कृपा करून द्या' असं म्हणायचं. ते असं म्हणतात..."

"ते नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. आयुष्यभर दहा माणसांना रांधून घातलं मी. आता म्हातारपणी परक्या गावात 'द्या द्या' करत फिरू? कांद्याचं नाव सांगितलं की कांदा द्यायचा. दुकान कशाला मांडलंय मग?"

सून हसली आणि तिने गाजर उचललं. रशियातल्या समारा शहराच्या टोकाला, पाच मजली इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, सासू-सुनेची ही शाळा रोज संध्याकाळी भरायची. सून दिवसभर बेकरीत पाव भाजून दमून यायची, तरी शिकवायची. सासूला मध्य आशियातल्या तिच्या गावच्या शाळेत रशियन होतं, नाही असं नाही. पण पुस्तक उघडायच्या सुमाराला कापूस फुटायचा आणि सगळा वर्ग वेचणीला शेतात जायचा. त्यामुळे तुर्सुनोयची रशियन पहिल्या पानावरच राहिली होती.

आता मात्र शिकणं भाग होतं. मुलाने, इल्योसने, सरळ सांगितलं होतं, "आई, सप्टेंबर संपेपर्यंत तुला एकटीला बाजार करता आला तर राहा इथे. नाहीतर गावी परत." त्याचंही चुकत नव्हतं. तो शहरात बस चालवायचा. मागच्या महिन्यात आई दुकानात नुसती उभी राहून रिकाम्या हाताने परत आली होती आणि मिठाच्या पुड्यासाठी त्याला बस डेपोत लावून घरी यावं लागलं होतं.

आणि गावी तर तुर्सुनोयला जायचंच नव्हतं. तिकडे थोरली सून तिला चुलीजवळ फिरकू देत नसे. "आई, तुम्ही बसा, आराम करा." त्या आरामाने तिचं अंग अंग दुखायला लागलं होतं. इथे दोघं पहाटे कामावर गेली की स्वयंपाकघर तिचं एकटीचं. कढई तिची, झारा तिचा, किती तिखट घालायचं तो निर्णयही तिचा. हे राज्य तिला सोडायचं नव्हतं.

दुकानाची परीक्षा ती पहिल्याच आठवड्यात पास झाली. काउंटरपुढे ताठ उभी राहून म्हणाली, "लूक." दुकानातल्या मुलीने कांदे दिले. "मोर्कोव्." गाजरं आली. "सोल्." मीठ आलं. मुलगी जरा चमकली असेल, कारण पोलीस झडती घेताना बोलतात तसा आवाज होता. पण पिशवी भरली. तुर्सुनोय जिना चढताना मनात म्हणाली, बघा, 'द्या'वाचून काही अडलं का?

घोटाळा झाला तो अंगणात.

इमारतीच्या दाराशी एक बाक होता आणि त्या बाकावर तळमजल्यावरची क्लावदिया बसायची. रुंद हाडाची, सत्तरी ओलांडलेली, आवाज असा की चौथ्या मजल्यावरची खिडकी बंद असली तरी ऐकू यावा. शहराबाहेर तिची भाजीपाल्याची वाडी होती. ऑगस्टमध्ये ती रोज तिथून बादल्या भरून आणायची आणि हिवाळ्यासाठी सगळं बरण्यांत घालायची. त्या दिवशी तिच्या पायाशी काकड्यांची बादली होती. तुर्सुनोयला तो शब्द आदल्या रात्रीच पाठ झाला होता. तिने बादलीकडे बोट केलं आणि खणखणीत म्हणाली, "ओगुरेत्स."

क्लावदिया तिच्याकडे बघत राहिली. मग मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात तीन लिटरची काचेची बरणी. गळ्यापर्यंत खारवलेल्या काकड्या.

"किती भली बाई," तुर्सुनोय म्हणाली. काकड्या पातेल्यात काढून तिने बरणी धुतली आणि मग ती रिकामी बरणी हातात घेऊन विचारात पडली. रिकामं भांडं परत करायचं ही गोष्ट त्यांच्या घराण्यात कोणी केलेली नव्हती. तिने पुलाव केला आणि झाऱ्याच्या दांड्याने दाबून दाबून बरणीत ठासला. क्लावदियाला तो बाहेर काढायला लांब दांड्याचा चमचा आणि बराच वेळ लागला.

पण खाल्ल्यावर क्लावदिया बाकावर बसून शेजारणींना सांगत सुटली. ती काय सांगते ते तुर्सुनोयला कळलं नाही. कौतुक असावं असं वाटलं, कारण बायकांचे डोळे पाणावले होते.

त्यानंतर बायका तिला पाहिलं की वस्तू पुढे करून नाव सांगायच्या. तिला वाटलं, शिकवतायत. "काबाचोक," एकजण भोपळ्याच्या जातीची हिरवी लांब फळं दाखवून म्हणाली. तुर्सुनोयने मन लावून म्हटलं, "काबाचोक." सकाळी दारात बरणी. "ग्रिब," क्लावदियाने टोपलीतली अळंबी दाखवली. "ग्रिब," तुर्सुनोय म्हणाली. दारात बरणी, आणि बरणीत काहीतरी बुळबुळीत, तिच्याकडे बघत असल्यासारखं. बीट झालं, टोमॅटो झाले, काळ्या मनुकांसारख्या फळांचा मुरांबा झाला. तुर्सुनोयचा शब्दसंग्रह वाढत होता आणि इल्योसला पाय ठेवायला जागा उरत नव्हती. बरण्या कपाटात मावेनात म्हणून गॅलरीत गेल्या, गॅलरी भरली म्हणून त्याच्या पलंगाखाली.

"आई, हे काय चाललंय?"

"शिकतेय मी. तूच म्हणालास ना शीक म्हणून?"

"अगं, तीन माणसांना हे दोन वर्षं पुरेल."

"मग दोन वर्षं बाजाराला जायला नको. तुझीच कटकट वाचली."

शेवटी पहिल्या मजल्यावरच्या सेम्योनने कहर केला. निवृत्त माणूस, एकटा, मनाने सरळ. त्याने एक पांढरा तुकडा दाखवून "सालो" म्हटलं, तिने "सालो" म्हटलं, आणि संध्याकाळी इल्योस घरी आला तेव्हा त्यांच्या मुसलमान घराच्या दाराच्या मुठीला कागदात बांधलेली डुकराची चरबी लटकत होती, लसूण चोळून, प्रेमाने.

इल्योस पांढराफटक पडला. मग लाल झाला. पुडकं दोन बोटांत धरून खाली गेला, आता सगळ्यांना सांगूनच येतो म्हणून. वर आला तो पुडकं तसंच दोन बोटांत धरून.

"काय म्हणाले?" मुकद्दसने विचारलं.

"त्यांनी मला बोलूच दिलं नाही. ती क्लावदिया मला म्हणते, लाज नाही वाटत पोरा? बस चालवतोस, पगार घेतोस आणि आईला उपाशी ठेवतोस? म्हातारी बिचारी दारोदार अन्नाची नावं घेत फिरते. म्हणे एक बरणी काकडी दिली तर स्वतःच्या तोंडचा भात काढून परत पाठवला. सगळ्या इमारतीने आईसाठी पाळ्या लावल्यायत, मुकद्दस. शुक्रवार सेम्योनचा असतो."

तुर्सुनोयच्या हातातला झारा थांबला. तिला आता बायकांचे पाणावलेले डोळे आठवले. कान गरम झाले. जन्मात ज्या तोंडाने कुणाकडे चिमूटभर मीठ मागितलं नव्हतं, त्या तोंडाने तिने अख्ख्या इमारतीकडे महिनाभर भीक मागितली होती, आणि तीही अगदी स्पष्ट उच्चारात.

"बाजार जमला तुला, मान्य आहे," इल्योस म्हणाला. "पण मला आता जिन्यात मान वर करता येत नाही. रविवारच्या गाडीने तू गावी जा."

"मी नाही जाणार."

"तिकीट काढतो मी."

"काढ. फाडायला येतं मला."

शनिवारी त्याने खरंच तिकीट आणलं, आईची पेटी दारात काढून ठेवली आणि बरण्या खोक्यांत भरायला घेतल्या. तुर्सुनोय खोक्यासमोर येऊन उभी राहिली.

"या कुठे चालल्या?"

"ज्याच्या त्याला. जशा आल्या तशा."

"ज्याने दिलं त्याचंच त्याला परत? तोंडावर फेकून मारणं म्हणतात त्याला."

"मग रिकाम्या करून देतो."

"रिकामी बरणी या घरातून जाणार नाही. मी मेले तरी जाणार नाही."

तेवढ्यात दार वाजलं. क्लावदिया चार मजले चढून आली होती आणि धापा टाकत होती. तिने दारातली पेटी पाहिली, खोकी पाहिली, आणि मुकद्दसला विचारलं, "कुठे चालली ही?"

"गावी. उद्या."

"आणि माझ्या बरण्या?"

"त्या आता देतोच आहोत आजी," इल्योस घाईने म्हणाला.

मुकद्दसने सासूला सगळं सांगितलं. तुर्सुनोय डोक्यावरचा रुमाल सावरून पुढे आली. "तिला सांग, मी उपाशी नाही. उपाशी कधी नव्हते. मी शब्द पाठ करत होते."

सुनेने सांगितलं. क्लावदियाचं तोंड उघडं राहिलं. मग ते मिटलं आणि मग तिचा चेहरा हळूहळू टोमॅटोसारखा झाला.

"म्हणजे माझ्या अळंब्या... पाठांतराला गेल्या?"

"वाया नाही जाणार म्हणावं," तुर्सुनोय म्हणाली. "प्रत्येक बरणी भरून परत देईन. जर्दाळूच्या मुरांब्याने. असा मुरांबा या नदीच्या काठावर कुणी चाखला नसेल. फक्त आमच्याकडचे जर्दाळू जूनमध्ये येतात."

मुकद्दसने तेही सांगितलं. क्लावदियाने पेटीकडे पाहिलं, मग तुर्सुनोयकडे, मग इल्योसकडे, आणि कमरेवर हात ठेवले.

"ऐक पोरा. काचेची तीन लिटरची बरणी आता पहिल्यासारखी मिळत नाही. माझ्या बरण्या भरून मिळेपर्यंत ही बाई या इमारतीतून हलणार नाही. जूनपर्यंत थांबते मी."

"अहो पण आजी, तिकीट काढलंय."

"मग तू जा," क्लावदिया म्हणाली. "तुझ्याकडे माझी बरणी नाही."

मुकद्दस हे भाषांतर करताना इल्योसकडे बघत नव्हती, आणि ओठ दाबून धरले होते. इल्योसने एकदा आईकडे पाहिलं, एकदा क्लावदियाकडे. दोघींनाही एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघी एकाच बाजूला उभ्या होत्या. त्याने पेटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

ऑक्टोबर लागला. एका संध्याकाळी तुर्सुनोयने सुनेला नव्या शब्दासाठी बसवलं. तिचा प्रश्न नेमका होता, "हिवाळ्यासाठी ही माणसं सगळ्यात मोठ्या बरणीत काय घालतात? आणि संपायला सगळ्यात जास्त वेळ कशाला लागतो?" मुकद्दसने सांगितलं, खारवलेला कोबी. जून आला तरी संपत नाही. आणि बरणी रिकामी झाल्याशिवाय तिच्यात मुरांबा भरता येत नाही.

सकाळी क्लावदिया बाकावर कोबी चिरत बसली होती. तुर्सुनोय खाली उतरली, तिच्यासमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "कापुस्ता."

या वेळी मात्र ती शब्द पाठ करत नव्हती. क्लावदियाने सुरी थांबवली आणि तिच्याकडे डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं. मग उठून आत गेली आणि घरातली सगळ्यात मोठी बरणी घेऊन आली.