टिटवीची मान

एका जंगलात, बाळांनो, वरून दगड पडत. नदीपलीकडची माकडं ते गोफणीनं भिरकावत आणि पानांत दडून बसत. इकडचे सेनापती होते अस्वलराव. दगड पडला की ते गुरगुरत आणि हत्तीकडून अंदाजानं चार दगड पलीकडे टाकून घेत. त्यात आजवर एक कासव तेवढं जायबंदी झालं होतं. ते बिचारं कुणाच्याच बाजूचं नव्हतं.

मोठी राज्यं अशा कामाला यंत्र ठेवतात. या जंगलाकडे यमू टिटवी होती. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत, उघड्या माळावर अंडी घालतात. त्यामुळे वरून काय येतंय याकडे यमूचं सदा लक्ष. दगड हवेत असतानाच त्याचा मार्ग बघून ती सांगे, हा सुटला कुठून.

"डावीकडून तिसरा उंबर, वरून दुसरी फांदी," ती म्हणाली. हत्तीनं तिथं दगड टाकला. माकड धपकन खाली आलं.

मग काय विचारता! जंगलाच्या महाराजांनी यमूला शाल आणि श्रीफळ दिलं. शालीखाली ती दिसेनाशी झाली, हा भाग वेगळा. आठवड्याभरात माकडांनी गाशा गुंडाळला.

तरी दगड पडायचे थांबेनात.

एक सांगायचं राहिलंच. दगड पडताहेत तोवर सैन्याला दर बिऱ्हाडातून मधाचं पोळं मिळे. अस्वलांना मध किती आवडतो, ते मी तुम्हाला काय सांगू?

यमूनं पुढचा दगड नीट पाहिला. दरबारात जाऊन ती हळूच म्हणाली, "महाराज, हा आपल्याच छावणीतल्या मोहाच्या झाडावरून येतोय."

महाराजांनी समिती नेमली. अध्यक्ष अर्थातच अस्वलराव. समितीनं यमूचे डोळे तपासले, मोह मात्र तपासला नाही. टिटवीत तांत्रिक बिघाड असून ती चहूकडे बघते, असं ठरलं. यापुढे तिची मान वेलीनं नदीच्या दिशेला बांधून ठेवावी, असा हुकूम निघाला.

वेल बांधायला अस्वलराव जातीनं आले. मायेनं म्हणाले, "यमूताई, अंडी माळावरच आहेत ना तुमची? जपा हो."

यमू काय समजायचं ते समजली. त्या दिवसापासून ती प्रत्येक दगडाला "पलीकडून" म्हणू लागली. हत्ती ओस उंबरांवर दगड टाकू लागला. जंगलाला रोज विजय मिळू लागला.

चौथ्या दिवशी एक दगड यमूच्या अंड्यांवर पडला. मुद्दाम नव्हे हं. अस्वलांचा नेमच वाईट. चारातली तीन फुटली. मान बांधलेली होती, तरी नुसत्या आवाजावरून यमूला फांदीसुद्धा कळली. ती खूप रडली.

शिपाई नोंद घ्यायला आला. "कुठून आला?"

यमूनं उरलेलं अंडं पंखाखाली ओढलं.

"पलीकडून," ती म्हणाली.

तात्पर्य: शत्रू नेमका कुठे आहे हे सांगणारा पक्षी प्रत्येक जंगलाकडे असावा. त्याला नेमण्यापूर्वी त्याची अंडी उघड्यावर आहेत ना, एवढी खात्री करून घ्यावी.