जांभळाचा तोल

घरातल्या कपड्यांना कुबट वास यायला लागला, तेव्हा थोरल्याचा सगळा राग अंगणातल्या जांभळावर निघाला. आठवडा उलटला तरी दोरीवरचा टॉवेल ओलाच, कपाटातल्या चपलांना बुरशी, आणि मागच्या भिंतीवर शेवाळ असं माजलेलं की हात टेकला तर तळवा हिरवा व्हावा. खरं तर तिथली हवाच दमट. झाड नसलेल्या घरांतही टॉवेल ओलेच होते. पण हवेला शिव्या देऊन उपयोग नसतो आणि झाड समोर उभं असतं.

"ऊनच येत नाही घरात," थोरला बायकोला म्हणाला. "ती एक फांदी काढली की झालं."

"भर पावसात? कापलेली जागा सुकायची नाही. आणि भावजींना विचारलंत का?"

"फांदी माझ्या हद्दीत आहे. त्यात विचारायचं काय?"

विचारणं तसं अवघडच होतं, कारण दोघा भावांचं बोलणं बंद होतं. वाटणीत भांडी, कपाटं, खुर्च्या सगळं निम्मं निम्मं झालं, अंगणात भिंत आली, पण जांभूळ नेमकं रेषेवर निघालं. गवंड्यानं दोन्हीकडून भिंत आणून त्याच्या बुंध्याला टेकवली आणि तो मोकळा झाला. अबोल्याचं कारण थोरल्याला विचारलं तर तो म्हणे, पन्हळीतला पाला कुणी काढायचा त्यावरून. धाकटा म्हणे, वडिलांच्या आजारपणात दादा एक वाक्य बोलला त्यावरून. ते वाक्य दादाला आठवतही नव्हतं. जावा मात्र भिंतीवरून खुशाल गप्पा मारत आणि साखरेची वाटी इकडून तिकडे करत.

फक्त एका दिवसापुरती ही भिंत विसरली जाई. जांभळं पिकली की दोघांची थोरली बहीण यायची. ताई पर्समध्ये मिठाची पुडी घेऊनच उतरायची आणि कुणाच्याच घरात न शिरता थेट झाडाखाली बसायची. मग भिंतीच्या या बाजूला थोरल्याची खुर्ची, त्या बाजूला धाकट्याची. "ताई, त्याला सांग, त्याच्या पन्हळीतून पाणी गळतंय," असं थोरला म्हणे. "ताई, त्याला सांग, मला दिसतंय," असं धाकटा म्हणे. तेवढंच काय ते भावाभावांचं बोलणं. पण दोघंही त्या दिवसासाठी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसत. जांभळं नसती तर ताई एवढ्या लांब आली नसती, आणि ताई नसती तर हा दिवसही उगवला नसता.

यंदा ताई येऊन गेली, पाऊस लागला, आणि थोरल्यानं शिडीवाल्याला बोलावलं. हा माणूस सायकलला शिडी बांधून गल्लीगल्लीतून हिंडायचा. त्याला झाडांची फारशी माया नव्हती, पण गिऱ्हाइकाच्या शब्दाला तो फार मान द्यायचा. "सांगाल तसं," म्हणाला आणि थोरल्याच्या बाजूची मोठी फांदी उतरवून गेला.

आता इथं सांगायला हवं, की धाकटा वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होता. दुकानातला तराजू केसभर कलला तरी त्याच्या कपाळावर आठी पडायची. दुसऱ्या दिवशी खिडकीतून त्यानं झाडाकडे पाहिलं आणि त्याचा चहा निवला.

"झाड आपल्याकडे कललंय," तो बायकोला म्हणाला. "दादानं मुद्दाम केलंय. वादळात पडलं तर आपल्या छपरावर पडेल."

"अहो, त्यांना कपडे वाळवायचे होते. जाऊबाई म्हणाल्या मला."

"कपडे! माणूस एवढा साधा असता तर वाटणी कशाला झाली असती?"

शिडीवाला पुन्हा आला. धाकट्यानं आपल्या बाजूची एक फांदी काढायला लावली. मग लांब जाऊन, एक डोळा मिटून पाहिलं. "अजून थोडं," म्हणाला, आणि दुसरीही उतरवली. "आणि हे बघ, पलीकडे बोलायचं नाही."

"नाही बोलणार," शिडीवाला म्हणाला. पलीकडच्यानंही त्याला हेच बजावलं होतं आणि त्याचाही शब्द तो पाळत होता.

थोरला पेशानं शिंपी. उभा जन्म पँटचे पाय समान करण्यात गेलेला. दुकानातून घरी येताना त्याला झाड दिसलं आणि ते एका बाजूनं आखूड शिवलेल्या सदऱ्यासारखं वाटलं. एक पाय आखूड झाला की शिंपी दुसरा कापतो, तो जास्त कापला गेला की पुन्हा पहिला, आणि गिऱ्हाईक शेवटी हाफपँट घालून घरी जातं. हे थोरल्यानं स्वतः एकदा करून पाहिलेलं होतं. तरीही तो शिकला नव्हता.

त्या पावसाळ्यात शिडीवाल्याचं फावलं. इकडची फांदी गेली की झाड तिकडे कलायचं, तिकडची गेली की इकडे. शेवटी फक्त शेंडा उरला, तेव्हा तो झाडावरूनच ओरडला, "हा कुणाचा धरायचा?" खाली धाकटा होता. धाकटा म्हणाला, "तोही काढ. भांडणाला मूळच नको."

मग जांभळाच्या जागी एक खांब उभा राहिला. दोन्ही घरांत लख्ख ऊन यायला लागलं. कपड्यांचा कुबटपणा तसाच राहिला. शिवाय आता सकाळी चहा घेताना दोघे भाऊ एकमेकांना समोरासमोर दिसायला लागले. इतकी वर्षं अबोला सुखानं चालला होता तो त्या पानांच्या आडोशामुळे, हे दोघांच्याही ध्यानात आलं. दोघांनीही खुर्च्या आपापल्या घराच्या भिंतीकडे तोंड करून फिरवल्या.

कापलेल्या जागा सुकल्या नाहीत. त्या काळ्या पडल्या आणि एके दिवशी तिथं पांढरी भूछत्रं उगवली. तेव्हा मात्र थोरला घाबरला. ताईला काय तोंड दाखवायचं? त्यानं रेनकोटचं कापड आणलं आणि झाडाच्या मापाचा, जखमांना पाऊस लागू नये असा एक अंगरखा शिवून त्याला चढवला. शिवण अप्रतिम होती. आत वाफ कोंडून लाकूड आणखी कुजायला लागलं, पण ते बाहेरून दिसत नव्हतं.

धाकट्यालाही झोप नव्हती. त्यानं खत आणलं, ग्रॅमला ग्रॅम मोजलं आणि पूर्ण झाडाचा डोस आपल्या बाजूच्या मुळांना घातला. तेच खत, तेवढंच, थोरला आपल्या बाजूनं घालत होता. एकानं दिलं असतं तर कदाचित औषध झालं असतं.

"अहो, तेही घालतायत," धाकट्याची बायको म्हणाली.

"दादा? आणि झाडाला खत? तू त्याला ओळखत नाहीस."

पावसाळा गेला, थंडी गेली. एका दुपारी, वारा नाही, काही नाही, नुसता कर्रर्र आवाज झाला. दोन्ही घरांतून सगळे बाहेर धावले. थोरल्याचं छप्पर शाबूत होतं. धाकट्याचंही शाबूत होतं. दोघांनी मिळून तोल इतका चोख साधला होता, की झाड ना इकडे पडलं ना तिकडे. ते अंगरख्यासकट बरोबर भिंतीवर आडवं झालं होतं आणि भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीनदोस्त झाली होती.

दोघे भाऊ विटांच्या ढिगाच्या दोन बाजूंना उभे राहिले. धाकटा वाकून त्या अंगरख्याची शिवण पाहत होता. थोरल्याला पलीकडे खताची रिकामी पोती दिसली. दोघांना रडू येत होतं आणि दोघांनाही ते दाखवायचं नव्हतं.

ताईला कळवायचं धाडस कुणीच केलं नाही. ती नेहमीसारखी आली. फाटक उघडलं, पर्समधून मिठाची पुडी काढली आणि वर पाहिलं. वर नुसतं आभाळ होतं. मग तिनं खाली पाहिलं, तर एक खुंट आणि विटा.

"कुणी केलं हे?" तिनं विचारलं.

"मी," थोरला म्हणाला.

"मी," त्याच क्षणी धाकटा म्हणाला.

थोरल्यानं त्याच्याकडे वळून पाहिलं. "तू गप्प बस. पहिली फांदी मी तोडली."

"तेव्हा एकच तोडलीस ना? मी लगेच दोन तोडल्या, दादा. शेंडा पण मीच उडवला."

"अंगरखा मी घातला. आत सगळं कुजलं."

"खत मी घातलं!"

"मीही घातलं होतं. उगाच सगळं स्वतःकडे घेऊ नकोस!"

जावा दारात थक्क होऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत नवऱ्यांना एकमेकांशी बोलताना त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. भांडण पुष्कळ वेळ चाललं. शेवटी दोघांनाही दम लागला आणि झाड काही उभं राहिलं नाही.

ताईनं पुडी न उघडता परत पर्समध्ये ठेवली. "खुर्ची आणा," ती म्हणाली.

"ऊन आहे इथं, ताई. आमच्याकडे चल," थोरला म्हणाला.

"त्यापेक्षा आमची पडवी जवळ आहे," धाकटा म्हणाला.

"मी दरवर्षी इथंच बसते," ताई म्हणाली आणि खुंटाशेजारी भर उन्हात बसली. घाम तिच्या कानामागून गळ्यावर उतरत होता. थोरला धावत जाऊन छत्री घेऊन आला आणि तिच्या डोक्यावर धरून उभा राहिला. धाकट्यानं लांबून, एक डोळा मिटून पाहिलं.

"दादा, तुझ्याकडे कललीये."

"कुठं? तुझ्याकडेच कललीये."

धाकट्यानं येऊन दुसऱ्या बाजूनं दांडा धरला. थोडं इकडे, थोडं तिकडे करता करता ताईच्या अंगावर एकदा ऊन आणि एकदा सावली येत राहिली.

"अरे," डोळे पुसत ताई म्हणाली, "आता ही तरी कापू नका."