मन्मथअप्पांचा गळ

“वर नेऊन सोडलंय खरं, पण काढाया कोन जानार हाय?”

मन्मथअप्पा दुकानातल्या टीव्हीकडे बघत स्वतःशीच बोलले. इंग्रजी बातम्या चालू होत्या. अवकाशयानातल्या माणसांनी एक उपग्रह अंतराळात सोडला होता. मी साबण घ्यायला आले होते.

“तेच जाणार आहेत,” मी पुटपुटले. “आठवड्यानं पकडून परत आणणार.”

संभाजीनगरच्या होस्टेलवरून सुट्टीला आल्यापासून सिरसाळ्यात मी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

“कशानं काढत्यात?”

“यानाला लांब हात असतो.”

“म्हंजी गळ,” अप्पा म्हणाले, आणि साबणाचे पैसे घ्यायचे विसरले.

गावात कुणाची बादली विहिरीत पडली की अप्पांना बोलावणं जायचं. दोराला बांधलेला चार आकड्यांचा लोखंडी गळ त्यांच्या गल्ल्याखाली पेटीत असे. गिऱ्हाईक तराजूपुढे साखरेसाठी उभं, आणि अप्पा गळ खांद्यावर टाकून गल्लीच्या टोकाला. त्यांचा नियम एकच. “आधी पानी निवळू द्यावं. घाई केली की गाळ उठतो.” मग विहिरीच्या काठावर बसून ते तासभर नुसते पाण्याकडे बघत. एकदा त्यांनी एका विहिरीतून दोन तांबे, एक कुलूप आणि देवळातली हरवलेली घंटा काढली. बादली मात्र मालकिणीच्या न्हाणीत सापडली. अप्पा तरीही खूश होते.

पुढे घरोघर बोअर आले, बादल्या पडायच्या थांबल्या. केबलवाल्यानं दुकानात टीव्ही जोडून दिला तेव्हा कुठे अप्पांना पुन्हा बघायला काहीतरी मिळालं. आता तर थेट आकाशातला गळ. रोज संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन आईला म्हणत, “वैनी, मास्तरीनबाईला धाडा. त्यो गोरा काय बोलतोय कळंना.” मास्तरीनबाई म्हणजे मी. मी जायची, तीन-चार शब्दांत सांगायची आणि परत यायची.

या गळानंच अप्पांचं एक मोठं नुकसान केलं होतं. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, नंदाचं, लग्न दुकानामागच्याच मांडवात झालं. पाठवणीची वेळ झाली, नंदा पाया पडायला उभी, आणि बापाचा पत्ता नाही. आचाऱ्याची बादली विहिरीत पडली होती. अप्पा काठावर पाणी निवळायची वाट बघत बसले होते. ते बादली घेऊन आले तेव्हा नंदाला घेऊन सासरची, नेकनूरची, जीप निघून गेली होती. व्याह्यांनी मागून निरोप धाडला, “ज्याला लेकीपरीस बादली मोठी, त्यानं आमच्या दारात येऊ नये.”

नागपंचमी आली की माहेरचा माणूस, मुराळी, सासरी जाऊन लेकीला घेऊन येतो. चार पंचम्या झाल्या, नंदाला आणायला कुणी गेलं नाही. आई विचारायची तेव्हा अप्पा म्हणायचे, “निवळू द्या, वैनी.”

उपग्रह पकडायचा दिवस पंचमीच्या दोन दिवस आधी आला. अप्पांनी दुकानाची एक फळी लावून घेतली, म्हणजे गिऱ्हाइकाचा त्रास नको. पडद्यावर तो पांढरा हात अगदी सावकाश पुढे सरकत होता.

“अस्संच,” अप्पा म्हणाले. “घाई न्हाई.” मग पेटी उघडून म्हणाले, “बघ बरं, आपल्या गळावानीच हाय का न्हाई?”

गळाच्या वेटोळ्याखाली हिरव्या बांगड्यांचे डबे होते. चार जुने, कोपऱ्यांना गंज चढलेले. पाचवा नवा होता. मी बघितलंय हे त्यांना कळलं. त्यांनी झाकण लावलं आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं.

“काय म्हनतोय त्यो?”

“पकडला.”

“हात लावू दिला त्यानं?”

अप्पांचे डोळे पडद्यावरच होते.

“एवढे दिस एकलं फिरलंय,” ते म्हणाले. “का सोडून गेलते म्हनून रागावलं आसंल की.”

होस्टेलवर मला आणायला कुणी आलं की मी आधी पाच मिनिटं बोलत नसे. पण पिशवी केव्हाची भरलेली असे. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांनाही सांगितलं नाही. मी पेटी उघडली आणि पाचही डबे काढून गल्ल्यावर ठेवले.

“अप्पा, पाणी निवळलंय,” मी म्हणाले. “उद्या सकाळच्या गाडीनं नेकनूरला निघू. मी येते बरोबर.”