खडकमाळचा भयगंड

माणसाचं मन कळणारा माणूस आख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो म्हणजे मी! हे मी म्हणत नव्हतो, सरकार म्हणत होतं. म्हणजे अगदी या शब्दांत नव्हे. पण एकाहत्तर सालच्या जानेवारीत 'ग्रामीण भागातील मानसिक स्वास्थ्य' या विषयावर संशोधन करायला सरकारी अनुदान मिळालं, ते जिल्ह्यात फक्त मला. श्रीरामपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक सुमंतला! विहिरीला अनुदान, कोंबड्यांना अनुदान हे लोकांनी ऐकलं होतं. मनाला अनुदान म्हणजे नवलच!

माझी बायको सरोजिनी हिला मात्र नवल वाटलं नाही.

"मन कळतं म्हणता ना, मग मी सकाळपासून का बोलत नाहीये ते सांगा बघू."

मी तिच्या चेहऱ्याचं शास्त्रीय निरीक्षण केलं. "माहेरची आठवण!"

"रॉकेल संपलंय! काल सांगितलं होतं!"

घरचे रुग्ण असेच असतात. ते सोडून द्या. खरी अडचण होती ती आमच्या प्राचार्यांची. त्यांचा मानसशास्त्रावर मुळात विश्वासच नव्हता. वर्गात मुलं मोजकीच, त्यातली निम्मी खिडकीतून एस.टी. स्टँडकडे बघणारी.

"सुमंत," ते म्हणाले, "तुमच्या विभागाची खोली मला टायपिंगच्या वर्गाला हवी आहे. टायपिंग शिकून पोरं नोकरीला लागतात. मन शिकून काय करतात?"

"सर, पण सरकारी अनुदान!"

"पहिला हप्ता आलाय. दुसराही आला, तर तुमचा विभाग राहील. नाही आला, तर जूनपासून तिथे टाइपरायटर. आणि तुम्ही वसतिगृहाच्या खानावळीवर लक्ष ठेवा."

म्हणजे बघा! एकीकडे मानवी मनाच्या अथांग खोलीचा शोध, दुसरीकडे पोळ्या करपल्या की नाहीत याचा! मी कंबर कसली.

अनुदानाची एक अट होती. गाडी भाड्यानं घ्यायची नाही, एखाद्या सरकारी खात्याची मोकळी असेल ती वापरायची. मोकळी गाडी कुठल्या खात्याकडे असावी? कुटुंब नियोजन खात्याकडे! जीप झकास होती. मागे आणि दोन्ही अंगांना हातभर लाल त्रिकोण, त्याच्या शेजारी आईबाप आणि मुलांचे हसरे चेहरे, खाली 'दोन किंवा तीन मुलं पुरेत'. मला काय त्याचं? मी मनाचा माणूस. जीपच्या पत्र्यावर काय रंगवलंय ते बघायला मी काय पेंटर होतो? छगन नावाच्या ड्रायव्हरशेजारी मी ऐटीत बसलो आणि घोडेगावच्या अलीकडच्या फाट्यावरून आत वळून खडकमाळ नावाच्या गावी दाखल झालो.

गावात पुरुष नव्हता! पारावर पानतंबाखूची चंची उघडी, चिलमीतून धूर निघतोय, एक जोडा तसाच पडलेला, पण माणूस नाही. बायका दारात, पोरं बायकांच्या मागे आणि म्हातारे भिंतीला टेकून. कर्ता गडी म्हणून एक दिसेल तर शपथ!

पहिल्या दारात मुक्ताबाई नावाची बाई उभी होती. मी गोड आवाजात विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"घोडेगावच्या बाजाराला गेल्यात."

"आज कुठे बाजार आहे?"

"मंग म्होरल्या बाजाराला आदीच गेल्यात!"

मी प्रश्नावली काढली. दिल्लीच्या तज्ज्ञांनी केलेली आणि मी स्वतः मराठीत आणलेली.

"घरात कुणाला विनाकारण भीती वाटते का?"

"इनाकारन कशापायी? कारन हाय म्हनून वाटती."

"काय कारण?"

तिनं जीपकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "तुमाला ठावं हाय की सायेब! आमच्या तोंडून कशाला वदवताय?"

रुग्ण कारण उच्चारत नाही! लाजतो! मी थरारलो. पुस्तकात वाचलेलं साक्षात समोर उभं होतं.

"मालकांना झोप लागते?"

"घरात कुटं झोपत्यात? ज्वारीत झोपत्यात."

"या थंडीत?"

"थंडी परवडली म्हन्त्यात."

"जेवण?"

"निस्ता हुरडा खात्यात."

"बरं, कुणीतरी आपला पाठलाग करतंय असं त्यांना वाटतं का?"

"वाटतं म्हंजी? करतंयच की!"

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच, आणि प्रत्येक बाईचं बोट जीपकडे. जानेवारी सरला, फेब्रुवारी लागला, मी दिवसाआड खडकमाळला जात होतो आणि गावातला प्रत्येक लग्न झालेला पुरुष ज्वारीत राहत होता. दुरून हुरडा भाजायच्या आगट्यांचा धूर दिसायचा. हाका मारल्या की धूर विझायचा. एकदा एक मुंडासं मला ज्वारीच्या ताटांमधून स्पष्ट दिसलं. "अहो, या ना, मी फक्त बोलणार आहे!" असं ओरडत मी मागे धावलो, तर ते मुंडासं शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पळालं!

"छगन," मी धापा टाकत म्हणालो, "हा आजार फार पुढे गेलाय."

"व्हय सायेब," छगन म्हणाला. "पर समदे असंच करत्यात. सवय पडली की येत्यात."

त्याच रात्री मी मुंबईला अहवाल लिहून टाकला. 'सामुदायिक भयगंड! संपूर्ण गावातील विवाहित पुरुष एका वाहनाच्या काल्पनिक भीतीने घरदार सोडून रानात राहतात. अविवाहित व वृद्ध यांना बाधा नाही. कारण अज्ञात.' जगात अशी नोंद पहिलीच! त्या रोगाला माझं नाव देतील का, याचाही विचार मनात येऊन गेला. सरोजिनीला म्हणालो, "सुमंत-गंड कसं वाटतं?"

"तुम्हाला शोभेल," ती म्हणाली.

मुंबईत खळबळ उडाली. अनुदान देणाऱ्या समितीचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हेमचंद्र यांचं उत्तर आलं: मी स्वतः येतो, रुग्ण प्रत्यक्ष दाखवा, खात्री पटली की दुसरा हप्ता तिथल्या तिथे मंजूर.

आता आली का पंचाईत! रुग्ण दाखवायचा कुठून? तो तर ज्वारीत! मी सरपंच कानिफनाथांना गाठलं. ते साठीच्या पुढचे, म्हणून घरात सापडले.

"सरपंच, मुंबईचे मोठे डॉक्टर येताहेत. मला माणसं हवीत."

कानिफनाथांचा चेहरा पडला. "मुंबईचा डाक्टर? आनी किती मानसं?"

"वीसेक तरी. लग्न झालेली, पोरंबाळं असलेली बघा. तीच आम्हाला उपयोगी."

"व्हय, तीच लागनार. दुकंल का हो लई?"

"छे! पाच मिनिटांचं काम. झालं की आपल्या पायांनी घरी जातील."

"आनी मागनं काय तरास?"

"त्रास कसला? उलट मोकळं वाटेल!"

कानिफनाथांनी उठून दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "बरं, देनार काय?"

"चहा देऊ की."

"निस्ता च्या?" सरपंच ताडकन उठले. "सायेब, आवो, मानसाच्या इज्जतीचा काय इचार करा! बाकीच्या ठिकानी पैसं देत्यात, बादली देत्यात!"

मन उघड करायला बादली? मला काही कळेना. पण दुसरा हप्ता समोर दिसत होता. "बिस्किटंही देऊ," मी म्हणालो.

ठरल्या दिवशी डॉ. हेमचंद्र आले. सुटाबुटातले, चष्म्याआड मंद हसणारे. त्यांना मी माझ्याच जीपमधून गावात नेलं. शाळेच्या वर्गात टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या असा जय्यत थाट केला होता. बाहेर गाव जमलेलं, म्हणजे बायका आणि म्हातारे. वीस रुग्णांपैकी एकही नाही! माझ्या डोळ्यांपुढे टाइपरायटर नाचू लागले.

एवढ्यात गर्दी दुभंगली. काठी टेकत ऐंशीच्या घरातला एक म्हातारा पुढे आला. सहादेव त्याचं नाव. त्याच्या कपाळाला अबीर लावला होता, गळ्यात झेंडूची माळ होती, मागे राहीबाई नावाची त्याची सून डोळ्यांना पदर लावून चालत होती. मला एकदम भरून आलं. उपचारावर एवढी श्रद्धा!

सहादेव खुर्चीत बसला नाही. डॉक्टरांपुढे हात जोडून उभा राहिला.

"बाबा, काय त्रास होतो तुम्हाला?" डॉ. हेमचंद्रांनी विचारलं.

"मला काय बी तरास न्हाई. पर ही पोरं दोन म्हैनं थंडीत कुडकुडत्यात. ज्वारी काढाया आली, आता त्यांनी लपावं तरी कुटं? म्हून आमी पंचांनी ठरावलं. गावातनं एक मानूस देऊन टाकायचा. मी आता पिकलं पान, मला काय त्याचा उपेग हाय? करा माजं! आनी गाव सोडा!"

असं म्हणून सहादेवानं धोतराच्या गाठीला हात घातला!

बायका किंचाळून पाठमोऱ्या झाल्या. सून हुंदके देऊ लागली. डॉ. हेमचंद्रांनी आधी म्हाताऱ्याकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर जीप उभी होती. लाल त्रिकोणाची पाठ शाळेकडे करून!

"प्राध्यापक सुमंत," ते अगदी शांतपणे म्हणाले, "ते काल्पनिक वाहन तेच का?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. बाजार कळला, ज्वारी कळली, नसबंदी करून घेणाऱ्याला मिळणारी बादली तर फारच कळली! मी धावत बाहेर गेलो. "छगन! अरे गाढवा, सांगायचं नाहीस का?"

"काय सांगायचं? मला वाटलं तुमचं बी तेच खातं हाय! निस्तं नाव नवं ठेवलंय!"

डॉ. हेमचंद्र हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्वतःच्या हातानं सहादेवाची गाठ पक्की केली, त्याला चहा-बिस्किटं दिली आणि मुंबईला जाऊन लिहिलं: 'खडकमाळ येथील सर्व पुरुषांचे मानसिक स्वास्थ्य उत्तम आहे. ते ज्याला भीत होते ते खरोखरच गावात येत होते. अधिक संशोधनाची गरज नाही.' दुसरा हप्ता गेला! जूनमध्ये माझ्या खोलीत टाइपरायटर आले आणि मी खानावळीत पोळ्या मोजू लागलो. मुलांना मानसशास्त्र शिकवायचं ते स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. वाईट वाटायचं हो. पिठाच्या डब्यावर बसून अबोध मन समजावून सांगणं सोपं नाही.

आणि नोव्हेंबरात एक दिवस कुटुंब नियोजन खात्याचे तालुक्याचे अधिकारी पेढे घेऊन प्राचार्यांकडे आले!

झालं होतं असं, की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खडकमाळात पाळणाच हलला नव्हता. आसपासच्या गावांत सुईणींना उसंत नाही, आणि खडकमाळची सुईण माहेरी जाऊन राहिलेली! साहेबांनी चौकशी केली. शस्त्रक्रिया एकही नाही, शिबिर नाही, भाषण नाही. फक्त जानेवारी-फेब्रुवारीत प्राध्यापक सुमंत आमच्या जीपमधून तिथे जात होते.

"काय केलंत काय तुम्ही?" त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"अहो, मी फक्त प्रश्न विचारत होतो..."

"हाच तो विनय!" ते गदगदून म्हणाले. "ते काही नाही. खडकमाळमध्येच तुमचा जाहीर सत्कार. आणि सपत्नीक! बाईंची ओटी भरायची आहे."

प्राचार्यांचे डोळे चमकले. "खुद्द सरकार गौरव करतंय, तर सत्काराच्या सभेतच मी जाहीर करतो, मानसशास्त्र विभागाला त्याची खोली परत!"

खोलीचा आनंद होताच, पण 'सपत्नीक' या शब्दानं घाम फोडला. घरी येऊन सरोजिनीला चाचरत म्हणालो, "तू नाही आलीस तरी चालेल. तुला दगदग नको."

"वा! आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याचा सत्कार होतोय आणि मी घरी बसू? मी येणार!"

ती आली. पैठणी नेसून, डौलात, हळूहळू पावलं टाकत. आख्खं खडकमाळ लोटलं होतं, ज्वारीतले सगळे पुरुषसुद्धा. त्यांना मी पहिल्यांदाच उभं राहिलेलं बघत होतो. अधिकाऱ्यांनी भाषण केलं. मला शाल मिळाली, नारळ मिळाला आणि निळीशार प्लॅस्टिकची बादली मिळाली. प्राचार्यांनी टाळ्यांच्या गजरात खोली जाहीर केली. मी जिंकलो होतो!

मग मुक्ताबाई ओटी भरायला उठली. सरोजिनी खुर्चीतून उठून उभी राहिली आणि मुक्ताबाईचा हात तांदळाच्या ओंजळीसकट जागीच थांबला. मायक्रोफोन दोघींच्या मधोमध होता.

"अगं बया! बाई, कितवा म्हैना?"

"आठवा," असं कर्ण्यातून गावभर ऐकू गेलं.

"आनी कितवं हो?"

"चौथं," सरोजिनी लाजून म्हणाली. तेही गावभर.

अधिकारी डोक्यावरच्या 'दोन किंवा तीन मुलं पुरेत' या फलकाकडे बघू लागले. प्राचार्य बादलीकडे बघू लागले. आणि पहिल्या रांगेतून सहादेवाचा खणखणीत आवाज आला,

"मास्तर! तुमी बी आमच्या पोरांसंगं ज्वारीत निजाया यायचं हुतं की!"

पुढचं मला नीटसं ऐकू आलं नाही, कारण मांडव हसण्यानं कोसळायच्या बेतात होता. डॉ. हेमचंद्रांना हे कुणीतरी कळवलं म्हणतात, आणि तेव्हा मात्र ते हसले.

खोली मिळाली. जाहीर सभेत दिलेला शब्द प्राचार्यांना फिरवता आला नाही. बादलीही चांगली टिकाऊ निघाली. रोज सकाळी कॉलेजात मनाचा शोध घ्यायला जाण्यापूर्वी मी तिच्यात धाकट्याची दुपटी भिजत घालतो.