बिनपाटीची केळ

एक जानेवारीच्या सकाळी इनासकाका आमच्या दारात उभे राहतात ते सुटाबुटात, टाय लावून आणि हातात केळीचा मुनवा घेऊन. मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू, जे काढून दुसरीकडे लावतात. नव्या वर्षाचा मिस्सा आटोपून काका चर्चमधून थेट येतात, म्हणून सूट. बुटाला मात्र तोवर माती लागलेली असते. शुभेच्छा वगैरे ते देत नाहीत. मुनवा पुढे करून विचारतात, "मनात काय धरलंय?"

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. इकडे नंदाखाल गावाच्या बाजूला फ्लॅट घेईपर्यंत केळी डझनावर मिळतात, यापलीकडे मला त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं. त्यामुळे पहिल्या वर्षी वाटलं, ही इथली वाण देण्याची पद्धत असावी. मी मुनव्याला हात घातला, थँक्यू म्हटलं आणि दार लावायला लागले. काकांनी बूट दारात अडकवला. मनातलं सांगितल्याशिवाय मुनवा मिळत नाही, असा नियम निघाला.

मी सांगितलं, रोज पहाटे पाचला उठणार.

"हा नेम झाला, बाय," काका म्हणाले आणि मुनवा मागे घेतला. "नेम पाच तारखेला मरतो. मी पिलं मरायला देत नाय."

मग मी चिडचिड कमी करणार म्हटलं. तेही चालेना. 'कमी' असलेलं काहीच त्यांना चालत नाही. कमी होणारी गोष्ट जमिनीत लावायची कशी, असं त्यांचं म्हणणं. वजन कमी, साखर कमी, मोबाइल कमी, ही सगळी यादी त्यांनी मजल्यामजल्यावर ऐकून नापास केलेली आहे. त्यांना वाढणारी गोष्ट लागते, आणि तीही एकच. तारीख नको, आकडा नको, शपथ तर नकोच. केळीला एकदाच घड येतो. वर्षभर वाढायचं, घड द्यायचा आणि जागा शेजारच्या मुनव्याला सोडायची. माणसाच्या वर्षाकडून याहून जास्त मागू नये, असं ते फार गंभीरपणे सांगतात. मी दारात विचार करत उभी राहिले, तेव्हा आतून सासूबाईंचा आवाज आला, "ऐकून घेणं लिहा तिचं." काकांनी ताबडतोब मुनवा माझ्या हातात ठेवला.

लिहा म्हणजे खरोखरच लिहायचं होतं. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून काका पाट्या करतात, त्यावर निळ्या ऑइलपेंटने फ्लॅटचा नंबर आणि मनातलं लिहितात आणि पाटी झाडाशेजारी रोवतात. इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे अशी चौदा-पंधरा झाडं रांगेत उभी आहेत. लोक ज्या गोष्टी घरात बोलत नाहीत त्या तिथे निळ्या अक्षरांत जाहीर आहेत. पुढच्या बाजूला ऊन जास्त, जागाही जास्त. पण काकांना मागचीच पट्टी हवी. का, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं. मागची माती बरी, म्हणाले. मी चौकस आहे, सासूबाई त्याला भोचक म्हणतात. माती दोन्हीकडे सारखीच आहे हे मी उकरून पाहिलं.

काका तळमजल्यावर एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी कॅनडात. सकाळी सातला हातात कोयता घेऊन ते रांगेवरून फिरतात आणि खालूनच प्रत्येकाला अहवाल देतात. "तीनशे दोन, तुमची माया पिवळी पडली. तांदळाचं धुनं टाकत जा." तीनशे दोनमधल्या नवराबायकोंचं काय चाललंय ते असं सगळ्या इमारतीला कळलं. सेक्रेटरी कदमांच्या 'सबुरी'ला कीड लागल्याची बातमी आली त्याच सकाळी कदम पाण्याच्या टँकरवाल्यावर घसा बसेपर्यंत ओरडले होते. एकशे चारमधल्या मुलीचा 'धीटपणा' वाऱ्याने आडवा झाला, तर काकांनी त्याला बांबूचा टेकू दिला. त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा स्कूटर घेऊन एकटी आगाशीपर्यंत जाऊन आली. झाडाचा आणि स्कूटरचा संबंध काय, मला ठाऊक नाही. ती मात्र मानते.

माझ्या झाडाला सासूबाई रोज न चुकता पाणी घालायच्या. त्या वर्षी सगळ्यात मोठा घड माझ्या झाडाला आला. मी कितपत ऐकून घेऊ लागले ते आमच्या घरी विचारू नये.

रांगेच्या टोकाला एका झाडाला पाटीच नव्हती. बाकी सगळी वेलची केळी, छोटी, गोड. हे एकटं राजेळी, जाड बुंध्याचं, उंच. ते काकांचं स्वतःचं. त्यावर काय लिहायचं होतं, असं मी तीन वर्षं विचारत राहिले आणि तीन वर्षं तेच उत्तर मिळालं, "ती मुकी हाय."

चौथ्या वर्षी, एका रविवारी दुपारी, मी बादली घेऊन मागे गेले तर काका भिंतीशी उकिडवे बसले होते. मी काही विचारलं नाही. खरं सांगायचं तर दम लागला होता, म्हणून नुसती शेजारी बसले. तेव्हा ते आपणहून बोलायला लागले.

"तुमचा हॉल हाय ना, बाय, तिथं राजेळीची रांग होती. मोनीबायची."

मोनीबाय म्हणजे त्यांची मोठी बहीण. भिंतीपलीकडच्या कौलारू घरात राहते. लग्न केलं नाही. आई गेली तेव्हा काका चार वर्षांचे होते आणि ती अकराची. तिनेच त्यांना वाढवलं. वाडी दोघांची, पण राजेळीची रांग काकांच्या वाटणीत आली होती आणि तिच्यावर हात मोनीबायचा होता. त्या केळ्यांची ती सुकेळी करायची. पिकलेली राजेळी सोलून मांडवावर उन्हात वाळवायची, मग सुक्या पानात गुंडाळायची. तिच्या सुकेळ्यांची गावात लोक वाट बघायचे. मुलीला परदेशी पाठवायचं ठरलं तेव्हा काकांनी आपली वाटणी बिल्डरला दिली.

"तिला विचारलं नाय. विचारलं असतं तर नाय म्हनाली असती, म्हनून नाय विचारलं. मशीन आलं तेव्हा तिला कळलं."

त्याला आता आठ वर्षं होत आली होती. तेव्हापासून बोलणं बंद. काका तीनदा माफी मागायला गेले, तिने तिन्ही वेळा दार लावून घेतलं. घड पाठवला तर तो उचलून पुन्हा आमच्या फाटकात आणून ठेवला. मिस्सामध्ये आजूबाजूच्यांना शांती देण्याची एक वेळ असते. काका दर रविवारी मुद्दाम तिच्या मागच्या बाकावर बसतात आणि हात जोडून थांबतात. ती डावीकडच्यांना शांती देते, उजवीकडच्यांना देते, पुढच्यांना हाक मारून देते. मागे वळत नाही.

भिंतीवरून मला तिची खिडकी दिसत होती. आता कळलं की आमची चौदा-पंधरा मनं या पट्टीत ओळीने का लावली होती. तिला खिडकीतून पुन्हा केळी दिसाव्यात म्हणून काका सगळ्या इमारतीला कामाला लावत होते. मला वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. फ्लॅट आम्ही रीतसर घेतलेला; तरी त्या संध्याकाळी हॉलमध्ये चहा पिताना मी फरशीकडेच बघत होते.

पुढच्या एक जानेवारीला काकांनी बिनपाटीचा मुनवा लावला तो अगदी भिंतीला चिकटवून. वर्षभरात तो वाढला आणि भिंतीवरून पलीकडे कलायला लागला. घड धरला तेव्हा तर सगळा भार तिकडेच. जो माणूस दुसऱ्यांच्या झाडांना टेकू देत हिंडतो, त्याने आपल्या झाडाला साधी काठी लावू नये याचं मला फार कुतूहल वाटलं. कदम दोनदा सांगून गेले की झाड पडेल, भिंतही घेऊन जाईल. काका म्हणाले, त्याला तिकडं जायचंय, जाऊ दे. फेब्रुवारी अखेर घड तयार झाला. तो पूर्णपणे मोनीबायच्या अंगणावर, साधारण तिच्या खांद्याच्या उंचीवर लोंबत होता. काका तो काही काढेनात.

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी सासूबाई धापा टाकत वर आल्या. राजेळीचा घड चोरीला गेला होता.

दहा मिनिटांत अर्धी इमारत मागे जमली. कदमांनी कॅमेरा तपासला, पण तो फक्त पार्किंग बघतो. आज केळी गेली, उद्या मोटारसायकल जाईल, असं म्हणत ते पोलिसांत तक्रार द्यायला निघाले. तेवढ्यात काका बनियनवरच बाहेर आले. स्टूल आणवलं, त्यावर चढून भिंतीवरून वाकले आणि कापलेल्या दांड्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिले.

"कोयता धारेचा हाय," ते म्हणाले. "एका घावात काढलाय. डावरा हात."

मग ते स्टुलावरून उतरले आणि त्यावरच बसून हसायला लागले. कदमांना वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला. त्यांनी पाणी आणवलं. तक्रार देऊ नका, एवढंच काका हात जोडून सांगत होते. ज्याच्या घरी चोरी झाली आहे तो माणूस इतका खूश मी पाहिलेला नाही. डावरं कोण आहे, हे मी विचारणार होते. सासूबाईंनी माझ्या हाताला चिमटा काढला.

त्यानंतर काकांचे अहवाल बंद पडले. आमची माया, सबुरी, धीटपणा, सगळं रामभरोसे. काका फक्त आकाशाकडे बघायचे. मी ऑफिसला निघाले की बोटांवर दिवस मोजून दाखवायचे. पिकायला सहा-सात दिवस. सोलून वाळायला आणखी आठ-नऊ, ऊन चांगलं असेल तर. मध्ये एक दिवस मळभ आलं तर त्यांनी जेवण टाकलं, असं त्यांच्याकडे काम करणारी बाई सांगत होती. मला भीती वाटत होती. घड तिने नेला खरा, पण रागाने कापून बाजारात दिला असेल, नाहीतर शेजाऱ्यांना वाटून टाकला असेल, तर या माणसाचं काय होणार?

बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. बिनपाटीच्या केळीला, आमच्या बाजूने, एक पुडी टांगलेली होती. सुक्या केळीच्या पानात गुंडाळलेली, केळीच्याच दोरीने घट्ट आवळलेली. भिंतीपलीकडची खिडकी बंद होती.

काकांनी गाठ सोडायला खूप वेळ लावला, दोरी तुटू दिली नाही. आत सहा सुकेळी होती. त्यांनी एक मला दिलं, एक स्वतः तोंडात टाकलं आणि डोळे मिटून चावत राहिले. मधासारखा गोड वास होता, पण चिकट लागत होतं, आतून ओलसर. मला त्यातलं काही कळत नाही.

"कच्ची हायेत," काका म्हणाले. त्यांनी बनियनच्या टोकाने डोळे पुसले. "अजून चार दिवसांचं ऊन पायजे होतं. मोनीबाय असं कधी करत नाय."

दोरी बोटाभोवती गुंडाळत ते त्या बंद खिडकीकडे बघत होते.

"घाई झाली तिला," ते म्हणाले.